चाळीस पेट्या आणि दुसरा गिअर

रविवार, ३ तारीख

सकाळपासून ह्यांनी चौथ्यांदा विचारलं, "टायरची हवा बघितलीस?" बघितली म्हटलं. "स्टेपनीची?" तीही बघितली. "कोणी बघितली, तू की धाकट्याने?" आता काय बोलायचं या माणसाला! सहा महिन्यांपूर्वी झटका आला तेव्हापासून ह्यांचा डावा हात लुळा आहे. त्या हाताने कप धरवत नाही. पण जीभ शाबूत आहे, हे डॉक्टरीणबाईंनी वेगळं तपासायची गरज नव्हती.

डॉक्टरीणबाईंनी एक रबरी चेंडू दिला आहे. डाव्या हाताने रोज शंभर वेळा दाबायचा. "मी काय लहान पोर आहे का?" असं म्हणून तो पहिल्याच दिवशी कॉटखाली गेला. तो अजून तिथेच आहे. झाडताना मी त्याच्याभोवतीने झाडते.

उद्या संध्याकाळी पेट्या बंद करायच्या आणि परवा पहाटे नदीपलीकडच्या फुललेल्या माळाकडे निघायचं. अठरा वर्षं आमचं हेच काम. जिकडे फुलोरा असेल तिकडे मधमाश्यांच्या पेट्या ट्रकमधून न्यायच्या, फुलं सरली की पुढे. शेवटची चार वर्षं गाडी मी चालवते, पण हे शेजारी बसून. ह्यांच्याशिवाय ही पहिली खेप. म्हणून अट घातली आहे. चाळीसच्या चाळीस पेट्या जिवंत माळावर पोचल्या तर धंदा माझा. एकही मेली तर पेट्या आणि ट्रक व्यापाऱ्याला. तो व्यापारी दोनदा येऊन गेला. दोन्ही वेळा चहा पिताना त्याची नजर माझ्यापेक्षा ट्रकवरच जास्त होती.

सोबतीला भावजी येतील. ह्यांचा धाकटा भाऊ. पूर्वी शाळेची बस चालवायचे. दिवसभरात दहा शब्द बोलतात आणि त्यातले चार 'बघू' असतात.

रात्री जेवताना ह्यांनी पुन्हा तीन नियम म्हणून घेतले माझ्याकडून. खडकाळ जागी दुसऱ्या गिअरच्या वर जायचं नाही. ब्रेक हळू. आणि डावा हात गिअरच्या दांड्यावर. "दांडा हातात हादरला की समजायचं, मागे पेट्या हादरतायत. कानाला कळत नाही ते हाताला कळतं." चार वर्षं ऐकते आहे. झोपेतसुद्धा म्हणून दाखवीन.

मंगळवार, ५ तारीख

बोंबला. पहिल्याच दिवशी.

आधी नीट लिहिते, नाहीतर संतापात काहीतरीच लिहीन. पहाटे निघालो. उजाडेपर्यंत डांबरी रस्त्यावर भावजींनी चालवली, मग मी. डांबर संपलं आणि कोरड्या नदीचं पात्र लागलं. सगळे गोटे, घागरीएवढे. दुसऱ्या गिअरमध्ये, माणूस चालतो त्या वेगाने, पात्रातली वाट संपायला दीड तास लागला. दांडा असा भुणभुणत होता की हाताला खांद्यापर्यंत मुंग्या आल्या. तरी हात हलवला नाही.

मधेच भावजी म्हणाले, "वहिनी, हात..."

"तुम्ही रस्ता बघा," मी म्हटलं. त्यांनी रस्ता बघितला.

पात्राच्या पलीकडचा चढ अर्धा चढलो आणि दुसरा गिअर आपोआप बाहेर पडला. पुन्हा टाकला. पुन्हा पडला. तिसऱ्यांदा टाकला तर आतून खाड् आवाज आला आणि दांडा हातात असा लुळा पडला की... जाऊ दे. पहिला नाही, दुसरा नाही. दांडा जागेवर जातो, गाडी जागची हलत नाही. तिसरा आणि चौथा आहेत, पण भरलेली गाडी तिसऱ्यात चढ चढेल का? दोनदा करून बघितलं. क्लचचा जळका वास सुटला आणि इंजिन बंद पडलं.

सकाळचे दहा. डोक्यावर ऊन. मागे चाळीस पेट्यांचा आवाज बदललेला. बंद पेटीतल्या माश्यांना उकडायला लागलं की त्या सगळ्या पंख मारतात, आणि जितक्या पंख मारतात तितक्या आणखी तापतात. तासा-दोन तासांत आतली पोळी मऊ पडतात. मला रडू यायच्या बेतात होतं, पण भावजींसमोर रडायचं म्हणजे ते 'बघू' म्हणणार.

चढाच्या वर झाडांचा झुबका दिसत होता. दोनशे पावलं असेल. सावली म्हणजे तेवढीच. भावजी गाडीभोवती एक फेरी मारून आले आणि म्हणाले, "रिव्हर्स आहे ना?"

आहे. आणि रिव्हर्सला पहिल्याएवढाच जोर असतो. गाडी उताराने खाली सोडली, पात्रात वळवली आणि उलटी चढवली. मी आरशात बघते आहे, भावजी मागे उभे राहून हातवारे करत आहेत. त्यांचा हात 'ये' म्हणतो की 'थांब' हे देवालाच ठाऊक. एकदा मी थांबले तर ते ओरडले, "ये म्हटलं!" एकदा गेले तर, "थांब म्हटलं!" दोन्ही वेळचा हात सारखाच. दहा शब्दांचा माणूस, त्यातले सहा त्या चढावर खर्च झाले. पण चढलो.

पेट्या उतरवल्या. दोघांत चाळीस. कंबर मोडली. मग प्रश्न आला, उघडायच्या की नाही? उघडल्या तर माश्या हीच जागा घर समजणार आणि पुन्हा हलवायच्या तर संध्याकाळी सगळ्या आत आल्यावरच. इथे फुलं म्हणाल तर नावाला. बरोबर आणलेलं साखरपाणी तीन दिवस पुरेल. पण बंद ठेवल्या तर आजच मरतील. उघडल्या.

सतरा नंबरच्या पेटीतून फारशा माश्या बाहेर आल्या नाहीत. ती केबिनला लागून होती, इंजिनच्या झळेत. मी तिच्यावर ओलं पोतं टाकलं.

मंगळवार, संध्याकाळ

मागच्या टेकाडावर एका वाळक्या झाडाखाली उभं राहिलं तरच फोन लागतो. लागला.

"हात दांड्यावर होता ना?" पहिलाच प्रश्न.

"होता!"

"मग असं झालं कसं?"

"तुमच्या भावाला विचारा. पहाटे त्यांनी चालवली. तेव्हाच काहीतरी झालं असणार."

भावजी चार पावलांवर उभे होते. त्यांनी ऐकलं. मला वाईट वाटलं, पण एवढंच.

मग घरी खुर्चीत बसून ह्यांनी अर्धा तास गाडी दुरुस्त केली. दांड्याखाली लाकडाची पाचर मार. झाकण ठोकून बघ. तेल बघ. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणजे काय ते आज पुरतं कळलं. शेवटी म्हणाले, "रविवारी व्यापारी येतोय." आणि मग, "पेट्या किती आहेत?"

"चाळीस," मी म्हटलं. पेट्या चाळीस आहेतच. त्यात जीव किती आहे हे त्यांनी विचारलं नाही.

बुधवार, ६ तारीख

भावजी पहाटेच मिस्त्री आणायला गेले. डांबरी रस्त्यापर्यंत अकरा किलोमीटर चालत, पुढे मिळेल त्या गाडीने. जाताना आपली पाण्याची बाटलीसुद्धा माझ्यासाठी ठेवून गेले. मी परत द्यायला मागे धावले तर म्हणाले, "मधे विहीर आहे." विहीर नाही. येताना मी दोन्ही बाजूंना बघत आले आहे.

सतरा नंबर उघडली. नको होतं उघडायला. पोळी वितळून एकमेकांना चिकटलेली, तळाला मध आणि त्यात माश्यांचा लगदा. राणीही त्यातच सापडली. मी तिला काडीने बाजूला काढलं, उगाचच. मग पेटीशेजारी बसून रडले. बघायला कोणी नव्हतं.

म्हणजे एकोणचाळीस. म्हणजे अट मोडली. पण बाकीच्या आहेत, आणि त्या काही कोणाच्या अटीवर जगत नाहीत. दुपारभर पाणी शिंपडत होते. मधूनमधून पेटीला कान लावायचा आणि दुसऱ्या पेटीकडे जायचं. संध्याकाळपर्यंत कानाला मेण लागलं.

गुरुवार, ७ तारीख

मिस्त्री आला. भावजींना मागे बसवून, मोटरसायकलवर, गोट्यांतून. उतरल्यावर त्याला पहिल्यांदा पेट्या दिसल्या आणि तो परत बसला.

"मधमाश्या आहेत हे सांगितलं नाही यांनी!"

"तुम्ही विचारलं नाही," भावजी म्हणाले.

शेवटी त्याला जाळीची टोपी, हातमोजे आणि माझा जाड कोट असं सगळं घालून केबिनमध्ये बसवला. त्याने तळाचा पत्रा काढला, दांडा सोडवला आणि गिअरबॉक्सचं वरचं झाकण उचललं. गिअरबॉक्स उतरवायची गरज पडली नाही, हा एवढाच देवाचा उपकार. जाळीतून धड दिसत नाही म्हणून तो दर पाच मिनिटांनी टोपी वर करायचा, एखादी माशी जवळून गेली की खाली. सुताला लोहचुंबक बांधून त्याने आतल्या तेलातून एक तुकडा मासा पकडावा तसा ओढून काढला. दोन तुकडे जोडून माझ्यासमोर धरले. बोटांच्या बेचक्यासारखा एक लोखंडी चिमटा. गिअर बदलला की हा चिमटा आतली कडी सरकवतो, मग मोकळा राहतो. राहायला हवा.

"बघा," मिस्त्री म्हणाला. "एकाच बाजूने झिजलाय. पात्यासारखा झालाय. कोणाचा तरी हात बसतो दांड्यावर."

मी भावजींकडे बघितलं. भावजी टेकाडाकडे बघत होते.

"हातानं काय होणार?" मी म्हटलं. "हाताचं वजन ते केवढं!"

"तेवढंच पुरतं. हात ठेवला की हा चिमटा फिरत्या कडीला घासत राहतो. एका दिवसात काही होत नाही. हे पंधरा-वीस वर्षांचं काम आहे बाई. आणि सगळं दुसऱ्या गिअरमधलं. एवढं दुसऱ्यात चालवतं कोण?"

आम्ही. मधमाश्यांची गाडी हादरू नये म्हणून. पेट्या हादरतात का ते हाताला कळावं म्हणून.

पेट्यांना जपायला ठेवलेल्या हातानेच गाडी मोडली, आणि मोडली तीही पेट्यांसकट. मग जो संताप आला तो भावजींवर काढला, कारण तेच समोर होते.

"तुम्हाला माहीत होतं!"

"होतं."

"मग ह्यांना बोलला का नाही?"

"बोललो होतो. दोनदा. दुसऱ्यांदा दादानं गाडीतून उतरवलं. चालत घरी आलो."

"आणि मला?"

"परवा नदीत बोलत होतो. तुम्ही म्हणालात, रस्ता बघा."

मिस्त्री टोपीच्या आत हसत होता. हसू दे. भंगारातल्या एका ट्रकमधून असाच चिमटा काढून उद्या आणतो म्हणाला. मोडका फेकायला निघाला तेव्हा मी मागून घेतला. रुमालात बांधून ठेवला आहे. रविवारी व्यापाऱ्यादेखत टेबलावर आपटणार आहे. काय बोलायचं तेही ठरलं आहे. चार वर्षं मला गाडी शिकवलीत, असं सुरू करायचं.

शुक्रवार, ८ तारीख

चिमटा बसला. मिस्त्रीला माशी चावली, तीही निघताना, टोपी काढून ऐटीत किक मारताना. बिचारा. पण हसू आवरलं नाही. भावजीसुद्धा हसले, मी पहिल्यांदा ऐकलं.

संध्याकाळी पेट्या बंद केल्या. साखरपाणी संपलं. पहाटे निघायचं, माळ इथून नऊ किलोमीटर. दोन-तीन किलोमीटरवर असता तर माश्या परत याच झाडांकडे आल्या असत्या.

सतरा नंबरची रिकामी पेटी धुऊन गाडीत चढवली. टाकून जाववेना.

शनिवार, ९ तारीख

माळ पांढरा झालेला. इतकी फुलं की वासाने डोकं भणभणलं. एकोणचाळीस पेट्या रांगेत लावल्या, दारं उघडली, आणि पाच मिनिटांत माश्या कामाला. त्यांना आपलं काही पडलेलं नाही. बरं वाटलं. फार बरं वाटलं.

पण खरं लिहायचं ते येतानाचं. पहाटे मीच चालवत होते. नवा चिमटा, दुसरा गिअर, झकास. मनात रविवारचं भाषण घोकत होते, "तुम्हाला कोणी सांगायला गेलं तर तुम्ही ऐकायचं नाही," इथपर्यंत आले होते.

"वहिनी," भावजी म्हणाले. "हात."

बघते तर माझा हात दांड्यावर. कधी गेला, कळलंच नाही. उचलून मांडीवर ठेवला. पुढच्या वळणापर्यंत पुन्हा तिथे. भावजींनी पुन्हा सांगितलं. मग पुन्हा. नऊ किलोमीटरमध्ये अकरा वेळा. शेवटी मीच म्हटलं, उतरवू का तुम्हाला गाडीतून? तर म्हणाले, "चालेल. सवय आहे."

भाषण राहिलंच. कोणावर आपटायचा तो चिमटा?

रविवार, १० तारीख

घरी पोचलो तेव्हा व्यापारी आलेला होता. लेक त्याच्यासाठी दुसरा चहा टाकत होती. मी आठवडाभर घरात नव्हते म्हणून ती येऊन राहिली होती, आणि तिच्या चेहऱ्यावरून आठवडा कसा गेला ते दिसत होतं.

"किती?" ह्यांनी विचारलं. गाडी नाही, गिअर नाही, मी नाही. किती!

"एकोणचाळीस."

व्यापाऱ्याने कप खाली ठेवला. हे खुर्चीत मागे टेकले आणि सुरू झाले, माझ्याकडे न बघता, त्याच्याकडे बघून. "मी सांगितलं होतं. गाडी हाताला कळावी लागते. अठरा वर्षं मी चालवली, कधी गिअर मोडला नाही. हात दांड्यावर असला की..."

मी रुमाल सोडला आणि चिमट्याचे दोन तुकडे त्यांच्या कपाशेजारी ठेवले. आपटले नाहीत. ठेवले.

ह्यांनी उजव्या हाताने एक उचलला. फिरवून बघितला. झिजलेल्या बाजूवरून अंगठा नेला, परत आणला. हा माणूस कसाही असो, लोखंड त्याला वाचता येतं. व्यापाऱ्याला काय चाललंय ते कळत नव्हतं, म्हणून तो खोकला.

"हे कोणाचं काम?" ह्यांनी विचारलं. आवाज पार खाली गेला होता.

इथेच भाषण करायचं होतं. मी त्यांच्या मांडीवर पडलेल्या डाव्या हाताकडे बघितलं. याच हाताने लोखंड झिजवलं, हे आज कोणाला सांगून पटणार नाही.

"चौदा वर्षं तुमचं," मी म्हटलं. "चार माझं."

भावजी दारात उभे होते. हे त्यांच्याकडे बघून म्हणाले, "तू बोलला होतास."

"हं," भावजी म्हणाले.

"चालत आला होतास ना? किती लांब?"

"होतं थोडं."

मग बराच वेळ ह्यांनी दोन तुकडे जुळवून बघितले. शेवटी व्यापाऱ्याला म्हणाले, "चहा घ्या, गार होतोय. पेट्या एकोणचाळीस आहेत आणि त्या विकायच्या नाहीत. गाडीही नाही."

"पण तुमची अट..." व्यापाऱ्याने तोंड उघडलं.

"अट घरातली होती," हे म्हणाले. "तुम्हाला कोणी सांगितली?"

स्वतःच सांगितली होती, दोनदा! मी कपाळाला हात लावला आणि आत गेले. आत जाऊन ओट्याला टेकून हसले की रडले, लेकीला विचारायला हवं.

गुरुवार, १४ तारीख

परवा माळावर जायचं आहे, पेट्या बघायला. सतरा नंबरमध्ये जोमदार पेटीतल्या निम्म्या माश्या घालून त्या नवीन राणी तयार करतात का ते बघायचं आहे.

आज दुपारी झाडताना कॉटखाली वाकले. चेंडू होता तिथेच होता. मान वर केली तर हे खिडकीशी बसलेले, डाव्या मुठीत चिमट्याचा मोठा तुकडा. दाबत होते आणि ओठातल्या ओठात मोजत होते. बोटं पुरती मिटत नव्हती. घाम आलेला. रबराचा मऊ चेंडू पोरकट म्हणून नको, आणि हे धारेचं लोखंड चालतं! हात कापून घेतला तर डॉक्टरीणबाईंना मी काय सांगू? हात टेकले या माणसापुढे.

तुकड्याची धार गुंडाळायला जुन्या बनियनची चिंधी आणून दिली. त्यांनी ती दातात धरून तुकड्याला गुंडाळली.

थोड्या वेळाने खिडकीबाहेर बघत म्हणाले, "परवा मीही येतो. शेजारी बसेन नुसता."

"आणि हात कुठे ठेवाल?"

"मांडीवर. आणि तुझाही बघत जाईन."

चार वर्षं शेजारी बसून माझा हात उचलून दांड्यावर ठेवणारा माणूस. भावजी ओसरीत बसून ऐकत होते, त्यांच्याकडे बघून मी म्हटलं, "बघू."